कुंचला आणि फवारा : मूर्तीच्या रंगकामाचा इतिहास

ज्येष्ठ सरून आषाढ लागला, म्हणजे पनवेलहून पेणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोहों अंगांस एक निराळीच लगबग दिसूं लागते. शेतांत भाताची लावणी चालूं असते, आणि त्याच वेळीं हमरापूर, जोहे, कळवे या गांवांतील पडव्यांतून व ओसऱ्यांवर गणपतीच्या पांढऱ्या मूर्तींच्या रांगा लागलेल्या असतात. आकार पूर्ण झालेला असतो. परंतु पीतांबराला पिवळेपणा नसतो, शेल्याला कांठ नसतो आणि डोळ्यांच्या जागीं नुसता उंचवटा असतो. मातीचा गोळा आणि देव यांमध्यें जें अंतर उरलेलें असतें, तें रंगाचें. हें अंतर कारागिरानें कोणत्या द्रव्यानें आणि कोणत्या साधनानें ओलांडावें, या प्रश्नाला आज दीडशें वर्षांचा इतिहास आहे. वरवर पाहतां तो कारखान्यांतला, कारागिराच्या सोयीचा प्रश्न वाटतो. परंतु त्यांत हजारों कुटुंबांची पोटें, नद्याखाड्यांचें पाणी आणि घरोघरच्या भाविकांची रुचि हीं सारींच गुंतलेलीं आहेत.

हा उद्योग याच टापूंत कां वाढला, हें समजण्यास पनवेलचें स्थान ध्यानांत घेतलें पाहिजे. पनवेल हें खाडीवरचें जुनें बंदर. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हां देशावरचा माल पनवेलीस उतरून गलबतांनीं मुंबईस जात असे, आणि गाड्यांच्या या वर्दळीमुळें बैलगाडीचीं चाकें बनविण्याचा धंदा पनवेलीस भरभराटीस आला होता. नगरपालिका येथें १८५२ मध्येंच आली. पुढें १८६३ साली आगगाडी कर्जत-खंडाळ्याच्या मार्गानें घाट चढली आणि पनवेलचें पूर्वीचें महत्त्व ओसरलें; परंतु मुंबईची बाजारपेठ हातभर अंतरावर असणें, हा लाभ या भागाचा कधींच गेला नाहीं. पनवेलच्या दक्षिणेस वसलेल्या पेणला मूर्तिकलेची परंपरा होती. त्या परंपरेंत देवधर घराण्याचें नांव आदरानें घेतलें जातें. कलावंत पेणला, गिऱ्हाईक मुंबईला आणि वाट पनवेलवरून, अशी ही जुळणी होती.

जुन्या काळच्या मूर्तीचा रंग हा सारा जलरंग होता. वाळलेल्या शाडूवर आधीं खडूच्या भुकटीचें अस्तर द्यावयाचें, तें गुळगुळीत करावयाचें, आणि मग डिंकांत किंवा सरसांत खललेले रंग कुंचल्यानें भरावयाचे. तांबडा गेरूचा किंवा हिंगुळाचा, पिवळा पिवडीचा किंवा हरताळाचा, निळा निळीचा, काळा काजळाचा. बांधणारें द्रव्य पाण्यांत विरघळणारें असल्यामुळें असा रंग बोटानें ओला करून घासला तर सुटे. आजच्या दृष्टीनें हा दोष. परंतु दीड दिवसानें वा दहा दिवसांनीं जी मूर्ति पाण्यांतच जावयाची, तिच्या बाबतींत तो दोष नव्हता, उलट सोयीची गोष्ट होती. माती पाण्यांत विरघळे, आणि रंग मातीबरोबर जाई.

येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. जुने रंग ‘नैसर्गिक’ होते, म्हणून ते निर्धोक होते, असें पुष्कळदां मानलें जातें. वस्तुस्थिति तशी नाहीं. हिंगूळ म्हणजे पारा व गंधक यांचें संयुग. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचें. आणि शेंदूर म्हणजे शिशाची राख. गेरू, काव, खडू, काजळ हे साधे रंग खरोखरच निरुपद्रवी. परंतु जे रंग डोळ्यांत भरत, त्यांतले बरेचसे विषारी होते. मूर्ति लहान, संख्या थोडी आणि किंमतीमुळें हे रंग बेतानेंच वापरले जात, म्हणून त्यांचा उपद्रव जाणवला नाहीं. द्रव्याच्या गुणाहून त्याच्या प्रमाणानें येथें अधिक रक्षण केलें.

हें प्रमाण बदललें तें दोन कारणांनीं. १८९३ साली पुण्यास सार्वजनिक गणेशोत्सवाला प्रारंभ झाला, लोकमान्य टिळकांनीं त्यास चळवळीचें रूप दिलें, आणि घरांतला देव चौकांत आला. लगेच पुढच्याच वर्षीं, १८९४ मध्यें, राजा रविवर्मा यांचा शिळाछापखाना मुंबईस सुरू झाला. या छापखान्याच्या चित्रांनीं घरोघरच्या भिंतींवर देवदेवता नेल्या आणि लोकांच्या नजरेला एक नवी संवय लावली : अंगाची गोलाई छायाप्रकाशानें दाखविणें, गालावर हलकी लाली, वस्त्राच्या चुणींत गडद होत जाणारी छटा. कुंचल्याचा जुना कारागीर सपाट रंग भरून त्यावर रेघ मारीत असे. आतां गिऱ्हाइकाला चित्रांतल्यासारखा देव हवा झाला. एका रंगांतून दुसऱ्या रंगांत नकळत जाणारी ही छटा ओल्या जलरंगानें साधण्यास मोठें कसब लागे, आणि हंगामांत शेंकडों मूर्ती हातावेगळ्या करणाऱ्या कारखान्याला तेवढा वेळ नसे.

दुसरा बदल मातीचा झाला. शाडू गुजरातेंतून, मुख्यतः भावनगरच्या बाजूनें येतो. तो जड, ठिसूळ आणि वाळण्यास मंद. जिप्सम नांवाचा खनिज दगड सुमारें दीडशें अंशांपर्यंत तापविला, कीं त्यांतील पाऊणभर पाणी उडून जातें आणि जी भुकटी उरते, ती प्लास्टर ऑफ पॅरिस. तींत पाणी मिसळतांच कांहीं मिनिटांत ती पुन्हां दगड होऊं पाहते. साच्यांत ओतावें, अर्ध्या तासांत काढावें. मूर्ति हलकी, बळकट आणि स्वस्त झाली. ती फुटल्यावांचून मुंबईसच नव्हे तर आगबोटीनें परदेशींहि जाऊं लागली. मूर्ति घडविण्याचें काम असें झपाट्यानें होऊं लागलें, तेव्हां रंगकाम मागें पडलें. सारी खोळंबा-खोळंबी आतां कुंचल्यापाशीं होती.

कुंचल्याला पर्याय शोधणारें यंत्र तोंवर सातासमुद्रांपलीकडे तयार झालेलें होतें. फवाऱ्यानें रंग देण्याची कल्पना तशी आदिमानवाची. गुहेच्या भिंतीवर पंजा ठेवून त्याच्याभोंवतीं तोंडानें रंग फुंकलेल्या आकृती अजून पाहावयास मिळतात. यंत्राचा इतिहास मात्र अमेरिकेंत सुरू होतो. १८७६ साली फ्रॅन्सिस स्टॅन्ली यानें रंग फवारण्याच्या एका उपकरणाचें पेटंट घेतलें. हाच गृहस्थ पुढें आपल्या जुळ्या भावासह वाफेच्या मोटारी बनवून प्रसिद्ध झाला. त्यानंतर तीनचार वर्षांत आयोवा प्रांतांतल्या अ‍ॅब्नर पीलर यानें स्वतंत्रपणें एक ओबडधोबड साधन जुळविलें, आणि १८८३ च्या सुमारास वॉकप बंधूंनीं त्याला ‘एअरब्रश’ या नांवानें बाजारांत आणलें. चार्ल्स बर्डिक या जलरंगचित्रकारानें १८९० नंतरच्या दशकांत त्यांत मोठी सुधारणा केली : रंग व हवा यांची गांठ नळीच्या आंतच घालून दिली आणि एका बारीक सुईनें रंगाचा प्रवाह बोटाच्या इशाऱ्यावर आणला. ओल्या रंगावर कुंचला फिरविला तर खालचा थर विस्कटतो. न शिवतां रंग देतां आला तर हा त्रास टळेल, हा त्याचा विचार होता. मोठ्या कामाची स्प्रे गन निराळ्याच वाटेनें आली. टोलेडो शहरांतील डॉक्टर डीव्हिल्बिस यांनीं रोग्याच्या घशांत औषध फवारण्याकरितां एक यंत्र केलें होतें. त्यांच्या मुलानें विसाव्या शतकाच्या आरंभीं तेंच तत्त्व रंगाला लावलें. १९२० नंतरच्या दशकांत मोटारींसाठीं लवकर वाळणारा सेल्युलोज रंग निघाला, आणि जें रंगकाम आठवड्यांचें होतें तें दिवसांवर आलें.

मुंबईंत एअरब्रश आधीं पोंचला तो छायाचित्रांची दुरुस्ती करणाऱ्यांच्या व जाहिरातचित्रकारांच्या हातीं. सर ज. जी. कलाशाळेंत १९३५ साली व्यावसायिक कलेचा विभाग निघाला. या पेशाला गुळगुळीत, रेघारहित छटेची फार गरज होती. मूर्तीच्या कारखान्यांत हें साधन शिरण्यास मात्र वेळ लागला, कारण फवाऱ्याला सतत दाबलेली हवा लागते आणि त्यासाठीं खेड्यांत वीज व कॉम्प्रेसर परवडावा लागतो.

यंत्र आलें, तरी त्याजोगा रंग हवा. डिंकाचा जलरंग फवारला तर पुढच्या ओल्या थरानें खालचा थर उकलतो. तैलरंग फवारला तर तो वाळण्यास दिवस घेतो आणि त्याचा वास कारखान्यांत बसूं देत नाहीं. या पेंचांतून सुटका अ‍ॅक्रिलिक द्रव्यानें केली. जर्मनींतील रसायनशास्त्रज्ञ ऑटो र्‍योम यानें १९०१ साली या द्रव्यावर आपला प्रबंध लिहिला. १९०७ मध्यें ओटो हास याच्याबरोबर कंपनी काढली, आणि १९३३ मध्यें याच कुळांतील पारदर्शक कांचेसारखा पदार्थ ‘प्लेक्सिग्लास’ या नांवानें बाजारांत आला. १९५३ साली अमेरिकेंत घरांच्या भिंतींसाठीं पाण्यांत मिसळणारा अ‍ॅक्रिलिक निघाला. त्यानंतर दोनतीन वर्षांतच सिनसिनाटी येथील हेन्री लेव्हिसन यानें चित्रकारांसाठीं ‘लिक्विटेक्स’ हा पाण्याचा अ‍ॅक्रिलिक रंग काढला.

या रंगाचें मर्म असें आहे. दुधांत जसे स्निग्धाचे कण तरंगतात, तसे यांत प्लास्टिकचे अतिसूक्ष्म कण पाण्यांत तरंगत असतात. पाणी उडून गेलें, कीं हे कण एकमेकांना चिकटून त्यांचा एकसंध पापुद्रा होतो आणि रंगाची पूड त्यांत कायमची अडकते. ओला असतां पाण्यानें धुतां येणारा हा रंग, वाळला म्हणजे पाण्याला दाद देत नाहीं. थरावर थर द्यावा, खालचा हलत नाहीं.

महाराष्ट्रांत रंगाचा धंदा उभा करण्यांत ज्यांचा वाटा मोठा, त्या दांडेकर कुटुंबाची कथा येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. १९३१ साली दिगंबर परशुराम दांडेकर व त्यांचे बंधु यांनीं गिरगांवांत शाईच्या पुड्या व वड्या बनविण्यास आरंभ केला. छाप घोड्याचा होता. पुढें उंटाच्या छापाची शाई आली आणि ‘कॅमलिन’ हें नांव रूढ झालें. १९६० नंतरच्या दशकांत सुभाष दांडेकर यांच्या पुढाकारानें ही संस्था चित्रकलेच्या रंगांत उतरली, आणि मराठी मुलाच्या शाळेच्या पिशवींत उंटाची पेटी आली. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीनें तिचे बहुसंख्य भाग घेतले. या संस्थेचा एक कारखाना पनवेलजवळच, पाताळगंगेच्या औद्योगिक वसाहतींत आहे. ज्या रस्त्यानें पेणच्या मूर्ती मुंबईस जातात, त्याच्याच आसपास रंगहि तयार व्हावे, हा योग लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

आतां मुख्य तुलनेकडे वळावें. एकच अ‍ॅक्रिलिक कुंचल्याला आणि फवाऱ्याला सारखाच मानवत नाहीं, ही गोष्ट जगांत सर्वांत बारकाईनें तपासली ती खेळण्यांतलीं विमानें, जहाजें व सैनिक यांच्या लहान प्रतिकृती रंगविणाऱ्या हौशी लोकांनीं. कुंचल्याच्या रंगाला तीन गुण लागतात. तो दाट असावा, म्हणजे एकदोन हातांत खालचा पांढरेपणा झांकेल. तो सावकाश वाळावा, म्हणजे कुंचल्याच्या केसांच्या रेघा आपोआप भरून निघतील. आणि वाळल्यावर वरच्या ओल्या थरानें तो सुटूं नये. फवाऱ्याच्या रंगाची मागणी नेमकी उलट. एअरब्रशच्या तोंडाचें छिद्र मिलिमीटराच्या दोन ते पांच दशांशांएवढें. त्यांतून जावयाचें तर रंग दुधाइतका पातळ आणि पूड अत्यंत बारीक हवी. दाब साधारण पंधरा ते तीस पौंडांचा ठेवावा लागतो. रंग फार लवकर वाळला तर सुईच्या टोंकाशींच त्याची गुठळी होते आणि नळी तुंबते. फार दूरून मारला तर थेंब वाटेंतच वाळून पृष्ठभाग खरखरीत होतो. फार जवळून मारला तर ओघळ येतात.

जपानच्या तामिया कंपनीचे अ‍ॅक्रिलिक अल्कोहोलनें पातळ होतात. म्हणून ते फवाऱ्यांतून सुरेख बसतात, पण कुंचल्यानें दुसरा हात देऊं गेल्यास खालचा थर उचलून येतो. स्पेनमधील व्हायेहो कंपनी, जिचा जन्म १९६५ साली अमेरिकेंत झाला व जी १९६९ मध्यें स्पेनला गेली, हिनें तर दोन वेगळ्या मालिकाच काढल्या : एक कुंचल्यासाठीं दाट, दुसरी फवाऱ्यासाठीं आधींच पातळ केलेली. एकाच रंगानें दोन्ही कामें करावयाचीं, तर नुसतें पाणी घालून भागत नाहीं. पाण्यानें रंग पातळ होतो, तसे त्यांतील चिकटणारे कणहि विरळ होतात, आणि वाळलेला पापुद्रा दुबळा राहून झडतो. म्हणून जाणता कारागीर पाण्याबरोबर थोडें अ‍ॅक्रिलिकचेंच बिनरंगी माध्यम घालतो.

पेणच्या कारखान्यांत या शास्त्राची वाटणी अनुभवानेंच झालेली दिसते. अस्तर, अंगाचा रंग, सोंडेच्या व पोटाच्या गोलाईवरील छटा, पीतांबराची झांक, हीं कामें गनची. पावसाळ्यांत हवा दमट असते, जाड थर दिवसभर ओला राहतो. फवाऱ्याचा पातळ थर मात्र लवकर सुकतो, हा या भागांत त्याचा मोठाच उपयोग. ज्या मूर्तीच्या अंगाला कुंचल्यानें तास लागे, तिला आतां मिनिटें पुरतात. परंतु मुकुटाचे खडे, शेल्याचा कांठ, कपाळावरचें गंध, नखें आणि उंदराच्या मिशा हीं कामें कुंचल्याकडेच राहिलीं. सर्वांत शेवटची, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे डोळ्यांची आखणी. भुंवईची कमान, पापणीची रेघ, बुबुळ आणि त्यांतला पांढरा ठिपका; यांत केसाएवढी चूक झाली तरी मूर्तीचा भाव पालटतो. दृष्टि समोर हवी, करुण हवी, आणि भक्त कोठेंहि बसला तरी ती त्याच्याकडेच असावी. हें काम गनला कधींच जमलें नाहीं, आणि ज्या हाताला तें जमतें, त्याची मजुरी कारखान्यांत सगळ्यांहून वेगळी असते.

या वाटणीचे परिणाम चांगले व वाईट दोन्ही झाले. रंगकाम झटपट झाल्यानें मागणी पुरी करतां आली, आणि ज्यांत स्त्रियांचा वाटा मोठा आहे अशा घरगुती रंगकामाला वर्षांतले अनेक महिने काम मिळूं लागलें. उलट पक्षीं, फवाऱ्यांतून निघालेला सगळाच रंग मूर्तीवर बसत नाहीं. पुष्कळसा धुक्यासारखा हवेंत पसरतो आणि बंद पडवींत काम करणाऱ्याच्या छातींत जातो. तोंडाला फडकें बांधणें हा त्यावरचा पुरा उपाय नव्हे. मोकळी हवा व योग्य मुखवटा हवा. शिवाय नवशिक्याच्या हातीं आधीं कुंचला येत असे आणि सपाट रंग भरतां भरतां त्याला रेघ कळत असे. आतां त्याच्या हातीं आधीं गन येते. आखणीपर्यंत पोंचण्याची जी शिडी होती, तिच्या मधल्या पायऱ्या गळाल्या आहेत.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न विसर्जनाचा आहे. प्रतिकृतीचा शोकी माणूस आपलें विमान कपाटांत जन्मभर ठेवणार. त्याला रंग जितका टिकाऊ तितका उत्तम. गणपतीची मूर्ति मात्र जाण्यासाठींच येते. अ‍ॅक्रिलिकचा जो गुण प्रतिकृतीच्या बाबतींत वरदान, तोच येथें शाप ठरतो. शाडूची मूर्ति पाण्यांत विरघळली, तरी तिच्या अंगावरचा प्लास्टिकचा पापुद्रा विरघळत नाहीं. त्याचे तुकडे तरंगत राहतात. आणि मूर्ति प्लास्टरची असेल, तर आंतलें द्रव्यहि फार काळ तसेंच राहतें. मातीवर शुद्ध शाडूची पाटी लावून तिला प्लास्टिकचें कवच चढविणें, ही मोठीच विसंगति आहे. तिच्याकडे मातीच्या वादांत दुर्लक्ष होतें.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें या विषयावर प्रथम २०१० साली नियम सुचविले आणि मे २०२० मध्यें ते सुधारून अधिक कडक केले. त्यांत प्लास्टरबरोबरच विषारी व न कुजणारे रासायनिक रंग आणि तैलरंग वर्ज्य सांगितले आहेत व पाण्यांत विरघळणाऱ्या नैसर्गिक रंगांची शिफारस आहे. पेणच्या कारखानदारांपुढें यानें जीवनमरणाचा प्रश्न उभा केला. ९ जून २०२५ रोजीं मुंबई उच्च न्यायालयानें प्लास्टरच्या मूर्ती घडविण्यास व विकण्यास मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयांत त्या परवानगीवांचून विसर्जित करूं नयेत असें सांगितलें; आणि जुलैमध्यें सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींसाठीं कृत्रिम तलावांचा मार्ग ठरला. मूर्तिकाराचा घास वांचला. पाण्याचा प्रश्न मात्र तलावांत जाऊन उभा राहिला.

इतिहासाकडे पाहतां, या कोड्याचें उत्तर मागें परत जाण्यांत नाहीं हें उघड आहे. कारण मागें हिंगूळ व हरताळहि होते. उत्तर रंगाच्या निवडींत आहे. जी मूर्ति परदेशीं जाऊन संग्रहांत राहणार, किंवा जी वर्षानुवर्षें पुजली जाणार, तिला अ‍ॅक्रिलिक योग्यच. जी दहा दिवसांत पाण्याला मिळणार, तिला गेरू, काव, खडू, काजळ आणि डिंक यांचा रंग पुरेसा आहे; आणि असा रंग बारीक वाटून, वस्त्रगाळ करून फवाऱ्यांतूनहि मारतां येतो. अडचण एवढीच, कीं त्याला लखलखाट येत नाहीं व वरचा थर जपून, खालचा पुरता सुकवून द्यावा लागतो. म्हणजे वेळ लागतो, आणि वेळाचे दाम कोणी तरी मोजावे लागतात.

तें दाम आजवर कारागीर किंवा खाडी यांपैकीं एकानें मोजलें. मूर्ति घरीं आणणाऱ्या यजमानानें ती पसंत करतांना झळाळीबरोबर हाहि प्रश्न विचारला, कीं हिच्या अंगावरचा रंग पाण्याबरोबर जाईल काय, तर कारखान्यांतले रंग एका हंगामांत बदलतील. गिऱ्हाइकाच्या नजरेनेंच एकदां छापील चित्रासारखा देव मागितला होता आणि कारखान्यानें तो दिला. मंद रंगाची, नितळ डोळ्यांची मूर्तीहि तो देईल. डोळे रेखणारे हात त्या गांवांत अजून आहेत.